एका बटणाचा रस्ता

कंडक्टरबाईंचा राग तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाईंना खाली उतरता येत नाही, म्हणून तो एकटाच खिडकीतून उतरतो. इमारतीसमोरच्या बसस्टॉपवरचं बाकडं कापून न्यायला पालिकेची माणसं आली, त्या सकाळी बाईंनी खिडकीचे गज धरून असा तोंडाचा पट्टा सोडला, की कटर चालवणाऱ्यानं मशीन बंद केली आणि वर बघून हात जोडले.

"बाई, मला का बोलता? मला सांगितलं काप, मी कापतोय."

"मग ज्यानं सांगितलं त्याला बोलव! त्याला गुडघे आहेत का, ते बघायचंय मला!"

ज्यानं सांगितलं तो कधीच येत नसतो. बाकड्याच्या जागी कंबरेएवढ्या उंचीवर एक तिरपा लोखंडी दांडा आला. त्याला टेकून उभं राहायचं. कारण काय, तर बाकड्यावर रिकामटेकडे बसून राहतात. आता बसस्टॉपवर माणसानं बसायचं नाही तर काय पोहायचं? पण असले निर्णय घेणाऱ्याचं बूड गुबगुबीत खुर्चीत असतं. दुसऱ्याचं बूड कुठेही टेकलेलं दिसलं की त्याला ते खुपतं.

बाईंनी उभी हयात बसमध्ये उभ्यानं काढली. दोन सीटच्या मधल्या वाटेत, एक हात दांड्याला, दुसरा तिकिटाच्या मशीनला. एकदा ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला आणि बाई पायरीवर गुडघ्यांवर आदळल्या. ऑपरेशन झालं, पण गुडघे पूर्वीसारखे झाले नाहीत. नोकरी सुटली. इमारतीला लिफ्ट नाही. घरात त्या, त्यांचे यजमान आणि यजमानांचं शिलाई मशीन. यजमानांना सगळं जग मास्तर म्हणतं, बाईही मास्तरच म्हणतात.

बाईंना जगात एकच थोरली बहीण, अक्का. ती दुसऱ्या शहरात लेकीजवळ असते. अक्काला झटका आला आणि उजवं अंग गेलं. बोलणं हळू झालं, पण धार तीच. डावा हात संधिवातानं आधीच आखडलेला, त्याचं एक बोट तेवढं सांगितल्यासारखं हलतं. फोन लावला की दोघी बहिणी "जेवलीस का" आणि "गोळ्या घेतल्यास का" यावर येऊन थांबायच्या. अक्काच म्हणाली, "फोनवर बातम्या होतात गं. गप्पा नाही होत. गप्पांना शेजारी बसावं लागतं."

हे ऐकून अक्काच्या लेकीनं, बाईंच्या भाचीनं, दोघींना एका ऑनलाइन शहरात नेऊन सोडलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं शहर. तिथे प्रत्येकाची एक बाहुली. कीबोर्डवरचे बाण दाबले की ती चालते, कानाला हेडफोन लावला की शेजारच्या बाहुलीशी बोलता येतं. जमीन घ्या, ठोकळ्याला ठोकळा जोडा, घर बांधा. पाऊस नाही, ऊन लागत नाही. उडायचं असेल तर उडा. नकाशावर बोट ठेवलं की पापणी लवायच्या आत तिथे हजर.

बाईंनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या खोलीसारखी खोली बांधली. हुबेहूब. आत गेल्या, तर पडद्यावर नुसता अंबाडा! बाहुलीचा अंबाडा आणि मागची भिंत, बाकी काही दिसेना. त्या शहरात आपला डोळा बाहुलीच्या कपाळात नसतो, तो तिच्या मागे, जरा वर, हवेत तरंगत असतो. खोली लहान असली की डोळा भिंतीत अडकतो. म्हणून तिथे जो तो महाल बांधतो. शेजारच्या प्लॉटवर एका न्हाव्याचं घर होतं. हा माणूस दिवसभर खरे केस कापायचा आणि दुपारच्या सुट्टीत इथे यायचा. तो म्हणाला, "बाई, छत उंच करा."

"पाऊस नाही तर छत कशाला?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी छतच उडवलं. तेव्हापासून न्हाव्याची आणि त्यांची गट्टी जमली.

पण अक्काचं काय? उडायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात. वळायला बोट उचलून दुसऱ्या बाणावर न्यावं लागतं, आणि अक्काचं बोट उचललं की भलतीकडेच जाऊन पडायचं. नकाशाचे बारीक ठिपके तिला पकडता येईनात. पुढे जायचा एक बाण मात्र ती दाबून धरू शकायची. एवढ्या मोठ्या शहरात अक्काजवळ एकच बटण होतं.

तेव्हा बाईंनी रस्ता बांधला. त्या शहरात रस्ता बांधणं म्हणजे माशाला शिडी देणं, असं लोक हसले. बाईंनी आपल्याच जमिनीच्या टोकाला अक्कासाठी घर बांधलं, आणि त्याच्या दारापासून निघाला तो रस्ता सरळ सुतात. वळण नाही, पायरी नाही, मध्ये झाड नाही. वाटेत इतरांची कुंपणं होती. बाई दारोदार गेल्या, भांडल्या, हट्ट धरला. न्हाव्यानं घराची भिंत मागे घेतली. एका नर्सनं आपला तलाव कापून दिला, वर म्हणाली, "घ्या, तशीही त्यात माझी बाहुली रोज पडते." बाई उजवा हात मांडीखाली दाबून बसायच्या आणि डाव्या हाताच्या एका बोटानं रस्ता चालून बघायच्या. कुठे बाहुली अडखळली की तिथला ठोकळा काढून पुन्हा बसवायचा.

रस्त्याच्या टोकाला त्यांनी बसस्टॉप केला. खरा. लांब बाकडं, पाठ टेकायला फळी. बाहुली येऊन बाकड्याला लागली की आपोआप बसेल, अशी सोय भाचीकडून करून घेतली.

न्हावी म्हणाला, "अहो, इथे लोक उडतात. बसची वाट कोण बघणार?"

"उडणारा थांबतो का कुठे? आणि थांबत नाही त्याच्याशी बोलायचं कसं? वाट बघायला लागली की माणूस शेजारच्याकडे बघतो. आयुष्यभर हेच पाहिलंय मी."

मग बाईंनी बसही बांधली. पिवळी, लांबडी, दोन दारांची. ती आपली आपण चालणारी नव्हती, बाई स्वतः बाण दाबून चालवायच्या. कंडक्टरच्या हातात एकदाचं स्टिअरिंग आलं! बस कधी वेळेवर यायची नाही. उशीर मुद्दाम असायचा.

स्टॉपवर जी माणसं जमायला लागली त्यांची गंमत ऐका. त्या शहराचा नियम असा, की थोडा वेळ बटण दाबलं नाही तर बाहुली मान टाकते आणि तिच्या डोक्यावर "गैरहजर" अशी पाटी येते. तुम्ही बोलत असलात तरी. बोलणं धरत नाहीत, हलणं धरतात. त्यामुळे बाकड्यावर ओळीनं माना टाकलेल्या बाहुल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर गैरहजर, आणि आवाज ऐकाल तर बाजार! न्हावी गिऱ्हाइकांच्या नकला करतोय, नर्स वॉर्डातल्या हेडबाईंवर तोंडसुख घेतेय, अक्का मधूनच एखादा शब्द टाकतेय आणि सगळे खो खो हसतायत. बघणाऱ्याला वाटावं, मयताला बसलेत.

झटक्यानंतर अक्का पहिल्यांदा हसली ती या बाकड्यावर. भाचीनं ते बाईंना रडत सांगितलं.

हे सगळं असं चाललेलं, आणि शहर चालवणाऱ्या कंपनीनं शहररचनेचा सल्लागार नेमला. आधी कोणाला काही विचारलं नाही. सगळ्यांच्या पडद्यावर एक दिवस थेट नोटीस: जुन्या भागाची पुनर्रचना. रस्ते काढून टाकणार. त्याऐवजी गोल चौथरे, लोकांनी नकाशावरून थेट तिथे उतरायचं. मधून वळणावळणाच्या बागा, कडेला दुकानं. हरकत असेल त्यांनी सभेला यावं.

बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. "मास्तर! इथलं बाकडं कापलं, आता तिथलंही कापायला आले!"

मास्तर काजं करत होते. सुई न थांबवता म्हणाले, "तुमच्या बाकड्यांवर कोणाची तरी नजर आहे खरी."

सभा मोठ्या दिवाणखान्यात झाली. सगळ्या बाहुल्या जमिनीवर, आणि सल्लागाराची बाहुली वर हवेत, हात मागे बांधून तरंगतेय. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, हा गडी उंटाशिवायच हाकत होता. त्यानं भिंतीवर शहराचा नकाशा दाखवला. जिथे लोकांची ये-जा तिथे लाल, जिथे नाही तिथे राखाडी. बाईंचा रस्ता आणि स्टॉप राखेसारखा राखाडी.

"हा भाग मृत आहे," सल्लागार म्हणाला. आवाज मधासारखा. "आम्ही मोजणी केली आहे. इथे कोणी नसतं."

"कोणी नसतं?" बाई उठल्या. "मी रोज असते! हा न्हावी असतो, ही नर्स असते, माझी अक्का असते!"

"ताई, भावना समजते. पण आकडे तसं सांगत नाहीत."

"आकडे कोणी मोजले? तुम्ही? खाली उतरून मोजले की असेच लटकून?"

"कृपया विषयाला धरून—"

"विषय हाच आहे! माझ्या बहिणीला एक बटण दाबता येतं. एक! तुमच्या नकाशावरचा ठिपका तिला पकडता येत नाही. तुमच्या बागेत तिनं वळायचं कसं? सांगा ना! वळणं काढताना हात फार छान चालतो तुमचा, जरा तोंडही चालवा!"

त्यानंतर बाई बोलत राहिल्या, पण सभेला ऐकू जाईना. सल्लागारानं त्यांचा आवाज बंद केला होता. बाहुलीचे ओठ हलतायत, हात हलतायत, आवाज नाही. इकडे खोलीत मात्र मास्तरांनी उठून खिडकी लावली, कारण खाली माणसं थांबून वर बघायला लागली होती. बाईंनी जे जे सुनावलं ते अख्ख्या इमारतीनं ऐकलं, ज्याला सुनावलं तो सोडून. सभेअखेर हरकत नाही असं धरलं गेलं. गळा दाबायचा आणि मग म्हणायचं, हा काही बोलला नाही! ही पद्धत त्या शहरात नवी आली असेल, आपल्याला जुनीच आहे.

दुसऱ्या दिवशी स्टॉपवर एक पोरगी आली. सल्लागाराच्या हाताखाली नकाशे रंगवायची. बाकड्याच्या कडेला चोरासारखी उभी राहून म्हणाली, "बाई, मी सांगितलं असं कोणाला बोलू नका. मोजणीत फक्त हलणारी माणसं धरतात. बसलेले सगळे गैरहजर. पुन्हा एकदा मोजणी होणार आहे. तेव्हा तुमच्या माणसांना हलत राहायला सांगा. नकाशा लाल झाला की रस्ता वाचेल."

पोरगी मनानं चांगली होती. बाईंनी तिला शिव्या दिल्या नाहीत, एवढ्यावरून ओळखा.

"म्हणजे बसायचा हक्क हवा तर नाचून दाखवायचं?" बाई म्हणाल्या. पण बाकीच्यांना ते पटलं. रस्ता वाचत असेल तर थोडं नाचू. अक्काही म्हणाली, "मी हलते की. त्यात काय."

मोजणीच्या दुपारी कवायत सुरू झाली. न्हावी उठतोय, बसतोय, उठतोय. नर्स बाकड्याभोवती प्रदक्षिणा घालतेय. अक्काची बाहुली तर बसायची, आणि बाण दाबला की उठायची, पुढे बाकड्यालाच धडकायची, पुन्हा बसायची. दाबलं, उठली, धडकली, बसली. दाबलं, उठली, धडकली. गप्पा बंद. सगळे धापा टाकत असल्यासारखे गप्प. बाई बघत होत्या. ज्या बाकड्यावर अक्का हसायची त्याच बाकड्यावर ती डोकं आपटत होती, रिकामटेकडी नाही हे सिद्ध करायला.

हेडफोनमध्ये भाचीचा आवाज आला. "मावशी, आईचं बोट थरथरतंय गं. ती थांबत नाहीये. मी हात धरला तर मला ओरडली."

"अक्का, थांब."

"रस्ता... जाईल," अक्का म्हणाली.

"थांब म्हणते ना!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या, की मास्तरांच्या सुईखालचं कापड सरकलं. "कोणी हलायचं नाही! बसा सगळे. बसलेला माणूस माणूस नसेल तर नसू दे आपण. तुझं बोट मोडून मिळालेला रस्ता मला नको. जाऊ दे तो!"

न्हावी हळूच म्हणाला, "बाई, डोक्यात राख घालू नका. जरा विचार करा."

"केला. बसा."

सगळे बसले. एकेकीची मान खाली गेली, एकेक पाटी वर आली. नकाशा राखाडी तो राखाडीच राहिला.

रस्ता गेला तेव्हा ते स्टॉपवरच होते. हातोडा नाही, धूळ नाही, आवाजसुद्धा नाही. खऱ्या बाकड्याला कापताना निदान ठिणग्या तरी उडाल्या होत्या! इथे टोकाकडून एकेक ठोकळा विझत आला. न्हाव्यानं मागे घेतलेल्या भिंतीसमोरचा तुकडा गेला, नर्सच्या कापलेल्या तलावाकाठचा गेला. मग खालचं बाकडं गेलं, आणि बाहुल्या क्षणभर हवेतच बसून राहिल्या. मग उभ्या झाल्या.

अक्काचं घर बाईंच्या स्वतःच्या जमिनीवर होतं, ते वाचलं. दारासमोर मात्र बागेची वळणदार भिंत आली. पुढच्या दुपारी अक्का सवयीनं निघाली. एक बटण दाबून. दारातून बाहेर आली, भिंतीला लागली आणि चालत राहिली. पाय हलतायत, हात हलतायत, बाहुली जागच्या जागी. अक्काला कळेना की आपण पुढे जात नाही. तिनं विचारलं, "स्टॉप... आला का गं?"

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर आपटला. गुडघे विसरून उठल्या, कळ आली, पुन्हा बसल्या.

त्या दुपारी मास्तरांनी मशीन बंद ठेवलं. हातातला सदरा खाली ठेवून म्हणाले, "स्टॉप त्यांनी नेला. बस कुठेय?"

"बस माझी आहे. तिला कोण हात लावतो!"

"तेच विचारतोय. कुठेय?"

बाईंनी हेडफोन पुन्हा उचलला. मास्तर पुन्हा काजं करायला लागले होते, जसं काही आपण बोललोच नाही.

त्या शहराचा नियम होता: दुसऱ्याच्या जमिनीवर टाकून दिलेली वस्तू उचलून नेतात. पण कोणी चालवत असलेली गाडी उचलत नाहीत. बाईंनी बस काढली. बागेची भिंत आणि अक्काचं दार यांच्यामध्ये बाईंच्या जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरली होती. तिच्यात बस घालून त्यांनी मधलं दार अक्काच्या दारासमोर आणलं. एवढं की मध्ये फट राहू नये. दारासमोरची सीट काढून आडवी लावली. उजवा हात मांडीखाली दाबला आणि एका बोटानं स्वतः आधी चढून बघितलं. बाहुली पायरीला अडली. पायरी काढून टाकली.

"अक्का, दाब."

अक्कानं बटण दाबलं. बाहुली दारातून निघाली ती बसमध्ये शिरली, सीटला लागली आणि बसली.

न्हावी आला, नर्स आली, मागच्या दारानं आणखी माणसं आली. बाईंनी डबल बेल दिली, टिंग टिंग, आणि बस निघाली. बागेच्या भिंतींना वळसे घालत, चौथऱ्यांवर उतरलेल्या लोकांच्या नाकावर टिच्चून. थांबायचं फक्त एका दारापाशी. आत गप्पा सुरू झाल्या. माना खाली गेल्या, पाट्या वर आल्या. पण बस चालत होती, म्हणून मोजणीच्या लेखी माणसंही चालत होती. मोजणीच्या नकाशावर एक लालभडक रेघ शहरभर फिरायला लागली.

सल्लागाराला यायला फार वेळ लागला नाही. बसच्या बाजूनं हवेत उडत, काचेतून बोलत आला. "ताई! अभिनंदन! हा सध्या शहरातला सगळ्यात गजबजलेला मार्ग आहे. आम्हाला तो आराखड्यात घ्यायचाय."

"आत या," बाई म्हणाल्या. "बाहेर लटकून प्रवास करायची परवानगी नाही."

तो आत आला. उभा राहिला.

"बसा."

तो बसला आणि सांगायला लागला. मार्गाला नाव देऊ, ठिकठिकाणी उतरायचे चौथरे देऊ, बसला नवा आकार देऊ. अगदी रंगात आला. बोलण्याच्या भरात बटणाला हात लावायचं राहून गेलं. त्याच्या बाहुलीनं मान टाकली, आणि डोक्यावर पाटी आली. गैरहजर.

आधी न्हावी हसून फुटला. नर्स फुटली. अक्काला काय झालं ते भाचीनं सांगितलं, आणि अक्का जी हसायला लागली ती थांबेना.

"काय झालं?" सल्लागार विचारत होता. "आवाज येतोय ना माझा?"

"आवाज येतोय. पण तुम्ही नाही आहात, साहेब," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. "वर बघा स्वतःच्या. असंच आम्हाला मोजलंत. माझी बहीण बोलत होती, हसत होती, आणि तुम्ही लिहिलंत, इथे कोणी नसतं. आम्हाला चौथरा नको, नाव नको. सरळ रस्ता होता तसा टाका, आणि बाकडं. पाठ टेकायच्या फळीसकट."

सल्लागारानं बटण दाबलं, मान वर केली. "मी विषय समितीपुढे ठेवतो."

"ठेवा. तोवर बस थांबायची नाही. आणि आता उतरा, ही जागा बसणाऱ्यांची आहे."

बाईंनी एक बेल दिली. बस थांबवली नाही, नुसती हळू केली. तो उडून गेला.

रस्ता अजून आलेला नाही. समिती बसली आहे म्हणतात. समितीनं बसलेलं चालतं. खाली खऱ्या स्टॉपवर तो तिरपा दांडा तसाच आहे, आणि बाई रोज सकाळी खिडकीतून त्याच्याकडे बघून घसा साफ करून घेतात. राग जराही उतरलेला नाही. तो उतरावा अशी कोणाची अपेक्षा असेल, तर त्यानं आधी जिना चढून वर यावं.

दुपार झाली की त्या हेडफोन लावतात.

"अक्का, बसलीस?"

"बसले. पुढचा... स्टॉप कुठला?"

"तुझंच दार," बाई म्हणतात आणि डबल बेल देतात.